प्रश्न विचारणाऱ्या स्त्रिया : पुण्णिकेपासून बेबी कांबळे यांच्यापर्यंत



या वेळच्या अभ्यासपाठाचा विषय आहे, साहित्यातील खंबीर आणि बंडखोर स्त्रिया. विषय वाचून काहींना वाटेल की हा कॉलेजातील मुलांचा विषय झाला. ज्या घरात कारखान्याची पाळी, मुलांची शाळा आणि महिन्याचे रेशन यांतून डोके वर काढायला सवड नाही, त्या घराचा साहित्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट चुलीपाशी येऊन पोहोचतो.

धम्मदीक्षा घेतली की घरातला देव्हारा जातो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा येते. लग्न बौद्ध पद्धतीने होते. हे बदल एका दिवसात होतात. पण सुनेने चारचौघांत आपले मत सांगितले तर तिचे ऐकून घ्यायचे, मुलीने "का?" असे विचारले तर तिला गप्प न करता कारण सांगायचे, हे बदल एका दिवसात होत नाहीत. त्यांना वर्षे लागतात, आणि कित्येक घरांत ते अजून सुरूही झालेले नाहीत.

याचे एक कारण आपल्या कानावर लहानपणापासून पडलेल्या कथांत आहे. नवऱ्यामागे वनात जाणारी, यमामागे धावणारी, अग्नीतून चालणारी, सोसणारी आणि न बोलणारी ती चांगली बाई, असे त्या कथा सांगतात. व्रताच्या कहाण्यांतून, कीर्तनातून, सिनेमातून आणि आता टीव्हीच्या मालिकांतून त्या घरात येतच राहतात. आपण देव काढले, पण त्या कथांच्या जागी दुसऱ्या कथा ठेवल्या नाहीत, तर जागा रिकामी राहत नाही. जुनेच परत येऊन बसते. म्हणून आपल्या मुलामुलींना दुसऱ्या स्त्रियांची ओळख करून दिली पाहिजे.

बंडखोर म्हणजे काय, हेही आधी ठरवून घेऊ. आरडाओरडा करणारी, कोणाचे न ऐकणारी ती बंडखोर, असा समज आहे. तो सोडून द्यावा. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा मोठा माणूस सांगतो, एवढ्यावरून एखादी गोष्ट मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जी स्त्री या कसोटीने प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत मागे हटत नाही, ती या पाठात आपण बंडखोर समजू.

१. पाणी भरणारी पुण्णिका

सुत्तपिटकाच्या खुद्दक निकायात 'थेरीगाथा' नावाचा ग्रंथ आहे. भिक्खुनी झालेल्या सुमारे ७३ थेरींच्या गाथा त्यात आहेत. स्त्रियांच्या नावाने जपलेला इतका जुना काव्यसंग्रह जगात क्वचितच सापडेल. या थेरींत राजघराण्यातल्या स्त्रिया आहेत, गणिका आहेत, पोर गमावलेल्या आया आहेत आणि दासीही आहेत.

पुण्णिका त्यांपैकी एक. अट्ठकथेनुसार ती श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरातील दासीची मुलगी. तिचे काम नदीवरून पाणी आणण्याचे. थंडी असो वा पाऊस, मालकिणीच्या शिव्यांच्या आणि माराच्या भीतीने तिला पाण्यात उतरावेच लागे. एके दिवशी तिने पाहिले, एक ब्राह्मण कडाक्याच्या थंडीत नदीत उतरून कुडकुडत आहे. तिने विचारले, मी उतरते ती माराच्या भीतीने, तुम्ही कोणाच्या भीतीने उतरता?

ब्राह्मणाने सांगितले की स्नानाने पाप धुऊन जाते. मग पुण्णिकेने एकामागून एक प्रश्न केले. हे कोणी सांगितले? तसे असेल तर बेडूक, कासव, पाणसाप, मगर हे सारे आधी स्वर्गात जायला हवेत. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेणार नाही कशावरून? ब्राह्मणापाशी उत्तर नव्हते. त्याने तिला वस्त्र देऊ केले. तिने ते घेतले नाही. दुःख नको असेल तर वाईट कर्म करू नका आणि बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जा, असे तिने सांगितले, आणि तो शरण गेला.

आता ध्यानात घ्या. पुण्णिकेने वेद वाचले नव्हते. तिचा युक्तिवाद तिच्या कामातून आला. रोज पाण्यात उतरणाऱ्या बाईला पाणी काय करते आणि काय करत नाही, हे ठाऊक होते. आपल्या घरातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आईपाशी, आजीपाशी असे ज्ञान असते. ते विचारून घेण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

२. मुत्ता आणि सोमा

थेरी मुत्ता ही कोसल देशातल्या एका गरीब ब्राह्मणाची मुलगी. तिला एका कुबड असलेल्या माणसाला दिले होते. तिची गाथा अगदी लहान आहे. आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो, असे ती म्हणते : उखळ, मुसळ आणि नवरा. पुढे ती जन्ममरणातून सुटल्याचेही सांगते. पण सुरुवात उखळ-मुसळापासून करते. कांडण-दळण हेही बंधन असू शकते, याची नोंद अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतल्या एका बाईने करून ठेवली आहे.

ही गाथा आमच्या भागातल्या एका महिला मंडळात समजावून सांगितली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "उखळ गेलं, मिक्सर आला. तिसरं मात्र तसंच हाये." सगळ्या हसल्या. पण त्यानंतरचा अर्धा तास ज्या गोष्टी निघाल्या, त्या हसण्यासारख्या नव्हत्या.

सोमा थेरीला मार म्हणतो की, ऋषींना जे स्थान मिळवणे कठीण, ते दोन बोटांच्या बुद्धीची बाई कसे मिळवणार? दोन बोटांची बुद्धी म्हणजे भाताचे शीत दोन बोटांत दाबून शिजले की नाही, एवढेच पाहणारी बुद्धी. सोमा उत्तर देते की चित्त स्थिर आहे, धम्म नीट दिसतो आहे, तेथे बाईपणाचा प्रश्न येतोच कोठे? "बायकांची अक्कल चुलीपुरती" असे आजही ज्या घरात बोलले जाते, त्या घराने हे मारमुखीचे वाक्य आहे हे ओळखावे.

३. धर्मालाच विचारणाऱ्या

थेरींच्या नंतर अनेक शतके अशा स्त्रियांचा आवाज आपल्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. मराठीत तो पुन्हा ऐकू येतो तो चौदाव्या शतकात, मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याच्या घरात. त्याची पत्नी सोयराबाई हिने अभंगात विचारले की, ज्याला विटाळ म्हणता त्याच्यातूनच प्रत्येक देह जन्मतो, मग सोवळा कोण? तिने देव सोडला नाही, हे खरे. पण प्रश्न नेमका होता, आणि तो बाळंतपणाचा अनुभव असलेल्या बाईचा होता.

पुढचा मोठा प्रश्न १८५५ साली आला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुलगी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. तिचे शिक्षण झाले होते अवघे तीन वर्षांचे. वेद आमचे नाहीत, ते पाहण्याचाही आम्हांला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. ज्या धर्मात एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी वंचित राहावे, तो धर्म नाहीसा व्हावा, असे तिने स्पष्ट लिहिले. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, हेही तिने नोंदवले. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, त्याच्या ८० वर्षे आधी एका शाळकरी मुलीने त्या प्रश्नाला हात घातला होता. आपल्या मुलींना हे नाव तोंडपाठ असले पाहिजे.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक निघाले. सुरतेत एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यावरून वृत्तपत्रांनी एकजात बायकांवर धरलेली झोड, हे त्याचे निमित्त. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला की बाईलाच शिक्षा का, असे त्यांनी विचारले. सत्यशोधक वर्तुळातही काहींना हे पुस्तक झोंबले. जोतीरावांनी मात्र ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्या बाईला गप्प करण्याची आणखी एक रीत आहे : तिचे लिहिलेले कोणी वाचायचेच नाही.

४. आपल्या तारापूरच्या शेजारी

आपल्या तारापूर-बोईसर पट्ट्यात अणुवीजकेंद्राने १९६९ साली वीज द्यायला सुरुवात केली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येथे आली. त्यांतील पुष्कळांना या भूमीचा इतिहास ठाऊक नसतो. येथून जवळच डहाणू, तलासरी आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका येथे १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. गोदावरी परुळेकर यांनी त्याची हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. पुस्तक १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढले की माणूस 'लग्नगडी' होई, त्याच्याबरोबर त्याची बायकोही मालकाच्या घरी राबे, आणि तिच्या अब्रूलाही संरक्षण नसे, हे त्या पुस्तकातून कळते.

गोदावरीबाई स्वतः वारली नव्हत्या. वारली स्त्रीचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर धवलेरीकडे जावे लागते. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणत विधी चालवणारी बाई म्हणजे धवलेरी. तिच्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावायला पुरुषच हवा, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या पाड्यावर एकदा जाऊन यावे. आपल्याकडेही बौद्ध विवाह लावणाऱ्या उपासिका आहेत. त्या अधिक का नाहीत, याचा विचार करावा.

५. स्वतःची कथा स्वतः लिहिणाऱ्या

आतापर्यंतच्या स्त्रियांनी शास्त्राला, देवाला, पुरुषजातीला प्रश्न विचारले. १९८० नंतरच्या दशकात आपल्या समाजातील स्त्रियांनी आत्मकथने लिहिली आणि प्रश्न आणखी जवळ आणला. तो घराच्या उंबऱ्यात आणला.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. नागपूरच्या या मुलीने हट्टाने संस्कृत घेतले आणि त्यात एम्. ए. केले. ज्या भाषेतला शब्द कानी पडला तर शिक्षा, अशी एके काळी आपल्या वाडवडिलांची स्थिती, त्या भाषेची ती अध्यापिका झाली. पण एवढी विद्या असूनही माहेरच्या आडनावाने सरकारी महाविद्यालयाची नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहाने 'पावडे' हे आडनाव लागले आणि मग ती मिळाली. हे श्रेय कोणाचे, विद्येचे की आडनावाचे, असा प्रश्न त्या करतात. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली. पदवीने सगळे दरवाजे उघडतात, असे माझ्या आईवडिलांना वाटे. कुमुदताईंचे पुस्तक वाचल्यावर कळले की दरवाजा उघडतो, पण आत उभा असलेला माणूस आधी आडनाव विचारतो.

शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावी झाला. त्या शिक्षिका झाल्या आणि निवृत्तीनंतर लेखणी धरली. त्यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यावर दूरदर्शनने 'नाजुका' ही मालिका केली. पुस्तकाचे नावच पाहा. आयुष्यभर वर्गात प्रमाण मराठी शिकवलेल्या बाईने स्वतःची कथा सांगताना घरची बोली धरली. आपल्या बोलीची लाज वाटणाऱ्या मुलांना हे नाव मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवावे.

त्याच वर्षी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तक आले. १९२९ साली पुरंदर तालुक्यातील वीरगावात जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि नंतर फलटणला दुकान. त्या दुकानात बसून त्या माल बांधायच्या रद्दीतले कागद वाचत आणि लिहीत. लिहिलेले वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले, नवऱ्यापासूनही. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

बेबीताईंनी महारवाड्याची उपासमार आणि गावाचा जुलूम लिहिलाच, पण तेथे त्या थांबल्या नाहीत. इतरांनी आम्हांला गुलाम केले आणि आम्ही आमच्या सुनांना गुलाम केले, असे त्यांनी लिहिले. कोवळ्या वयाची सून पहाटेपासून दळण-भाकरीला जुंपली जाई. माहेरी पळून गेली तर धरून आणून तिच्या पायात लाकडाचा खोडा घालत. सासू स्वतः त्यातून गेलेली असे, आणि तरी सुनेला त्यातच लोटी. हे लिहायला जे धैर्य लागते ते शत्रूविरुद्ध लिहिण्याहून मोठे आहे. आपल्याच माणसांना वाईट वाटेल, समाजाची बदनामी होईल, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण जखम झाकल्याने बरी होत नाही, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. त्याच पुस्तकात, बाबासाहेबांचे शब्द ऐकून मुलांना शाळेत घालण्यासाठी पुढे झालेल्या बायकाही आहेत. सोसणारी आणि उठणारी बाई एकच आहे, हे बेबीताई दाखवतात.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. कोकणात बांबूच्या सुपल्या-टोपल्यांना आयदान म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात वडील गेल्यावर आईने आयदाने विणून मुलांना शिकवले. पुढे मुंबईत नोकरी, संसार आणि मुले सांभाळून उर्मिलाताई एम्. ए. झाल्या, तेव्हा नवऱ्याला ते रुचले नाही. नवरा वाईट माणूस होता म्हणून नव्हे. चळवळ मानणाऱ्या पुरुषालाही घरात बायको जुन्या पद्धतीचीच हवी असते म्हणून. याच लेखिकेने मीनाक्षी मून यांच्यासह १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या, पण इतिहासात नाव नसलेल्या स्त्रियांना भेटून त्यांनी त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत हॅरिएट जेकब्स ही काळी स्त्री गुलामगिरीतून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. पुढे दुसऱ्याची मुले सांभाळण्याची नोकरी करताना रात्री जागून तिने आत्मकथन लिहिले. ते १८६१ साली टोपणनावाने छापले गेले. एक गुलाम बाई असे लिहू शकेल, यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. ते तिनेच लिहिले हे संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात निर्विवाद सिद्ध केले. फलटणच्या दुकानात कागद लपवणारी बाई आणि रात्री दिव्याखाली लिहिणारी ती बाई एकमेकींना सहज ओळखतील.

६. घराने काय करावे?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित स्त्रियांची परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. मुलीने लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे आणि गुलाम होण्यास नकार द्यावा, असा उपदेश बाबासाहेबांनी तेथे केला. या पाठातल्या साऱ्या स्त्रियांचे सार त्यात आहे.

धम्म स्वीकारणे म्हणजे प्रश्नाची भीती सोडणे. पुण्णिकेने ब्राह्मणाला विचारले तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. तीच पुण्णिका आपल्या घरात सून म्हणून आली आणि तिने आपल्याला विचारले, तर आपण काय करतो? त्या वेळी तिला थप्पड मिळते की उत्तर मिळते, यावरून घर किती बदलले ते ठरवावे.

वर्षावासात पुष्कळ विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यातील महाप्रजापती गौतमी आणि चांडालकन्या प्रकृती यांच्या दीक्षेचा भाग आला की त्या दिवशी वाचन स्त्रीनेच करावे. आठवड्यातून एक संध्याकाळ वर सांगितलेल्या एखाद्या पुस्तकाची चार पाने घरात वाचावीत. वाचताना पुरुषांनी उठून जाऊ नये. घरात आजी असेल तर तिच्या जात्यावरच्या ओव्या मुलांकडून वहीत उतरवून घ्याव्यात. बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या न शिकलेल्या बायकांनी रचल्या आहेत. तेही साहित्य आहे, आणि ते आजीबरोबर निघून जाते.

अभ्यासासाठी प्रश्न
(कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी. उत्तर आधी घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीने द्यावे.)

१. पुण्णिकेने ब्राह्मणाचे वस्त्र का घेतले नसावे?
२. मुक्ता साळवे हिने विचारलेल्या प्रश्नाला १९५६ साली कोणते उत्तर मिळाले? त्यातले कोणते उत्तर अजून अपुरे आहे?
३. सुनेला गुलाम करणारी सासू स्वतः गुलामच होती, हे बेबी कांबळे यांचे म्हणणे तुमच्या पाहण्यात कोठे आले आहे काय? नावे न घेता सांगा.
४. मुलगा आणि मुलगी दोघेही दहावी झाली आणि पैसे एकाच्याच पुढच्या शिक्षणापुरते आहेत. तुमच्या घरात निर्णय कसा होईल? निर्णय घेताना मुलीला बोलावले जाईल काय?
५. तुमच्या घरातील एका स्त्रीने कधी तरी "नाही" म्हटले असेल. तो प्रसंग तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत, एका पानात लिहून काढा.